आनंदावरचा रिसर्च वाचताना या चुका टाळा: आधी काय झालं ते विचारा

माझी आत्या दादरला राहते, शिवाजी पार्कच्या कट्ट्याजवळ सकाळी जमणाऱ्या लाफ्टर क्लबात ती कित्येक वर्षं न चुकता जायची. मग एका पावसाळ्यात जाणं सुटलं आणि दिवाळीपर्यंत ती अगदी गप्प झाली, फोन आला तरी उचलायची नाही. सगळ्यांनी निदान करून टाकलं की क्लब सोडला म्हणून उदास झाली, आणि मग रोज कोणी ना कोणी घरी येऊन "अहो चला, दोन मिनिटं हसलात की बरं वाटेल" असं सांगायचं आणि तिला वाटायचं की आपल्यातच काहीतरी कमी आहे, साधं हसणंही जमत नाही आपल्याला. शेवटी डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं तर टीएसएच, म्हणजे थायरॉइडला काम करायला लावणारं हार्मोन, खूप वाढलेलं. थायरॉइड कमी पडत होतं, थकवा आणि मरगळ त्यातूनच आली होती आणि त्या थकव्यामुळेच क्लब सुटला होता. म्हणजे आम्ही सगळे गाडी उलट्या दिशेने बघत होतो.

हीच सगळ्यात मोठी चूक, आणि आनंदावरच्या बातम्यांमध्ये ती सारखी दिसते. 'आनंदी माणसं जास्त जगतात' हे आपण सगळ्यांनी फॅमिली ग्रुपवर वाचलंय. आता ब्रिटनमधल्या मिलियन विमेन स्टडीत काय झालं बघा, 2015 च्या शेवटी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं ते. 7 लाखांहून जास्त बायकांचा साधारण 10 वर्षं मागोवा घेतला, आणि दुःखी बायकांमध्ये मृत्यूचं प्रमाण खरंच जास्त दिसलं. पण त्यातल्या बऱ्याच जणी आधीपासून आजारी होत्या, काही सिगारेट ओढायच्या. तब्येत आणि सवयी हिशोबात घेतल्यावर निव्वळ आनंदी असण्या-नसण्याने फरक पडेनासा झाला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आजारी माणसाला "पॉझिटिव्ह राहा म्हणजे बरा होशील" म्हणताना आपण नकळत आजाराचा दोष त्याच्याच माथी मारतो.

दुसरी चूक म्हणजे जे आले त्यांनाच विचारणं. लाफ्टर क्लब ही आपल्या मुंबईचीच देणगी, डॉ. मदन कटारियांनी 1995 मध्ये अंधेरीत 5 जणांना घेऊन सुरुवात केली आणि आज जगभर पसरलंय, मला त्याचं खूप कौतुक आहे. पण सकाळी सातला तिथे उभ्या असलेल्यांना "तुम्ही आनंदी आहात का" विचारलं तर उत्तर देणारे कोण? जे उठू शकले, ज्यांचे गुडघे धड आहेत, ज्यांना सातच्या लोकलसाठी पळायचं नाहीये. घरी बसलेली आत्या त्या मोजणीत नसतेच.

लग्नाचंही तसंच. लग्न झालेले जास्त सुखी दिसतात म्हणून घरोघरी मुलामुलींच्या मागे लागतात. जर्मनीत 24 हजारांवर लोकांना वर्षानुवर्षं तेच प्रश्न विचारत गेले, 2003 मध्ये तो अभ्यास छापून आला, आणि दिसलं असं की ज्यांची लग्नं झाली आणि टिकली ते लग्नाच्या आधीपासूनच सरासरीपेक्षा समाधानी होते. लग्नाच्या आसपास थोडी वाढ, मग सरासरी बघितली तर परत मूळ जागी. एकदाच विचारलं असतं तर हे कधीच कळलं नसतं.

मग खरं कारण शोधायचं कसं? कोणी काय करायचं हे चिठ्ठी टाकून ठरवायचं. 2008 मधल्या कॅनडातल्या एका प्रयोगात 46 जणांना सकाळी 5 किंवा 20 डॉलरचं पाकीट दिलं, काहींना सांगितलं स्वतःवर खर्च करा, काहींना दुसऱ्यासाठी. संध्याकाळी दुसऱ्यांवर खर्च करणारे जास्त खुश निघाले, रक्कम कितीही असो. माणसं कमी आहेत हे खरं, पण इथे मुळात आनंदी असलेलेच दानशूर निघाले असं म्हणायला जागा नाही, कारण कोणाला कुठलं पाकीट मिळणार ते त्यांच्या हातात नव्हतंच.

आणि एक, कधीकधी दोन्ही बाजूंनी चालतं. गोळ्या सुरू झाल्यावर काही महिन्यांनी आत्या परत पार्कात जायला लागली आणि तिथल्या गप्पांनी तिला आणखी बरं वाटलं, ते काही खोटं नाही. फक्त आता क्लबातलं कोणी आठवडाभर दिसलं नाही तर ती फोन करून आधी विचारते, झोप लागते का, जेवण जातं का, रक्त कधी तपासलं होतं.