रिकाम्या जागांच्या मार्कांवर जाऊ नका: सहावी ते आठवीच्या इंग्रजीची शिकवणी

नागपुरात मराठी किंवा सेमी-इंग्रजीच्या पोरांची शिकवणी सुरू केली की कुणी ना कुणी जुने सर सांगतातच, 'आधी बारा काळांचा तक्ता पाठ करून घ्या, बाकी आपोआप येते.' येत नाही. तक्ता घडाघडा म्हणता येतो आणि निबंधात तेच पोर 'ही डिड नॉट वेन्ट' लिहून मोकळं होतं.

या एका चुकीवर महिना गेला तरी जाऊ द्या. मराठीत 'गेला', 'गेला नाही', 'गेला का?' असं म्हणताना क्रियापद जागचं हलत नाही, भूतकाळ त्याच्याच अंगावर राहतो. इंग्रजीत नकार किंवा प्रश्न आला की 'डिड' येतो, भूतकाळाची खूण स्वतःकडे घेतो आणि मागे मूळ रूप उरतं. ही वेन्ट, ही डिड नॉट गो, डिड ही गो? वर्तमानातही तेच: ही गोज, पण ही डज नॉट गो. पोरांना एवढंच सांगा की काळाची खूण एकदाच लागते, आणि मदतनीस आला की ती त्याच्याकडे जाते.

नियम पोरांना पटकन पटतो. नवा शिक्षक फसतो तो पुढे. वर्कबुकात 'डिड नॉट' आधीच छापलेलं असतं, जागा फक्त क्रियापदाची रिकामी, आणि कंसात 'गो' तयार. पोर कंसातला शब्द उचलून जागेवर ठेवतं. दहापैकी दहा! आईबाबा खूश, आपणही खूश. मग कोरं पान दिलं की पुन्हा 'डिड नॉट वेन्ट', कारण 'डिड' आणायचा की नाही हे त्याने कधी ठरवलेलंच नसतं, छापणाऱ्याने ठरवलेलं असतं. रिकाम्या जागा सरावाला ठेवा, पण त्यांच्या मार्कांवरून पोराला आलं असं धरू नका. पर्यायी प्रश्नांचंही तसंच. स्कॉलरशिपचा इंग्रजीचा भाग उत्तम सोडवणाऱ्या पोराला पाच ओळींचं पत्र जमेलच असं नाही.

सरावाला रोज पाच क्रियापदं घ्या आणि प्रत्येकाची तीन वाक्यं लिहून घ्या: विधान, नकार, प्रश्न. सुरुवात गो, ईट, सी, बाय, राईट यांनी करा. 'कट' आणि 'पुट' अजिबात नको, त्यांची रूपं बदलत नाहीत, म्हणून चूक दिसतच नाही. शेवटी कोऱ्या पानावर 'काल मी न केलेल्या पाच गोष्टी'. इथे 'आय डिड नॉट माय होमवर्क' हमखास येतं. 'डिड' आलाच आहे, मग 'डू' परत कशाला, असं पोराला वाटतं. दुसऱ्या आठवड्यात 'डिड'चा अतिरेक होतो: 'ही डिड नॉट वॉज', 'हू डिड ब्रेक द ग्लास?'. घाबरू नका, नियम डोक्यात शिरल्याचीच ती लक्षणं आहेत. 'वॉज' आणि 'वेअर'ला 'डिड' लागत नाही, आणि 'हू' स्वतःच कर्ता असेल तर 'हू ब्रोक द ग्लास?' एवढंच पुरतं, हे तेव्हा सांगा, आधी नाही.

चालू वर्तमानकाळासाठी मात्र आपल्याकडची बोली फार कामाची. 'तो रोज जेवते का आत्ता जेवून राहिला?' असं विचारा, नागपूरचं पोर 'ईट्स' आणि 'इज ईटिंग' लगेच वेगळं करतं. फक्त 'राहिला'च्या रूपाला भुलून कुणी 'वॉज ईटिंग' लिहितं, तेवढं बघा. शिकवणीत प्रमाण मराठीचाच आग्रह धरणाऱ्यांशी माझं इथे जमत नाही.

शब्दसंग्रहाची 'रोज पन्नास शब्द' छापाची पुस्तकं सीताबर्डीच्या बाजारात जुन्या पुस्तकांत ढिगाने मिळतात, तिथेच राहू द्या. रोज पाच शब्द, पण जोडीदारासकट. आंघोळ, चूक, अभ्यास, फोन, मराठीत सगळ्यांना 'करणे' चालतं. इंग्रजीत टेक अ बाथ, मेक अ मिस्टेक, डू होमवर्क, आणि फोनला नुसतं कॉल. वहीत जोडी आणि स्वतःचं एक वाक्य लिहायचं, अर्थ पानाच्या मागे. दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या दिवशी अर्थ बघून जोडी आठवायची. चुकली की पुन्हा पहिला दिवस.

वाचायला १९११ पासून इथूनच निघणारा इंग्रजी पेपर 'द हितवाद' घ्या, पण मथळे देऊ नका. मथळ्यात 'अ', 'द' गाळतात आणि घडून गेलेलं वर्तमानात लिहितात. पोर तेच उचलतं. शहराच्या बातमीचा दुसरा परिच्छेद द्या, त्यातली भूतकाळी क्रियापदं अधोरेखित करून प्रत्येकाचा नकार लिहून घ्या. चार-पाच निघाली तरी पुष्कळ.

'हॅज गॉन'ची घाई नको. तीन दिवस लागोपाठ कोऱ्या पानावर 'डिड' बिनचूक आला की मगच तिसरं रूप काढा, नाहीतर 'हॅज वेन्ट' सुरू होतं आणि दोन्ही गाठी एकदम सोडवाव्या लागतात. रूपं एबीसीडीने न देता चालीने द्या: ब्रिंग-ब्रॉट-ब्रॉट, बाय-बॉट-बॉट एका दिवशी, सिंग-सँग-संग दुसऱ्या. 'रीड'ला वेगळा दिवस ठेवा, स्पेलिंग तिन्हीकडे एकच, उच्चार मात्र रीड-रेड-रेड, म्हणून ते तोंडीच घ्यायचं. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनअखेरीला उघडतात, ते जास्तीचे दिवस याच कामाला वापरा.