पार्किन्सन्सची गोळी घरी कशी सांभाळायची: घड्याळ, वरण आणि बाकीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या

घरात कुणाला पार्किन्सन्स (कंपवात) निघाला की न्यूरोलॉजिस्ट सिंडोपा किंवा तसलीच लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी लिहून देतात, केमिस्ट पाकिटावर सकाळ-दुपार-रात्र खुणा करून देतो आणि आपल्याला वाटतं झालं, आता बीपीच्या गोळीसारखी ही पण चालू. तसं नाहीये. ही गोळी वेळेवर चालते, आणि ती वेळ घरच्यांनाच सांभाळावी लागते.

आधी थोडक्यात कारण. मेंदूत सबस्टँशिया नायग्रा नावाचा एक छोटासा भाग आहे, तिथल्या पेशी डोपामिन बनवतात आणि त्यावर आपली हालचाल चालते. हात थरथरायला लागतो तोपर्यंत त्यातल्या साधारण निम्म्या किंवा जास्तच पेशी गेलेल्या असतात. डोपामिन थेट गोळीतून दिलं तर ते मेंदूत शिरतच नाही, म्हणून लेव्होडोपा देतात, ते आत जाऊन डोपामिन बनतं, आणि बरोबरचं कार्बिडोपा ते वाटेतच संपू देत नाही. आता रक्तातलं लेव्होडोपा दीडेक तासात निम्म्यावर येतं. सुरुवातीच्या वर्षांत उरलेल्या पेशी साठा करून ठेवतात त्यामुळे गोळीला तासभर उशीर झाला तरी कळत नाही, पण पुढे पुढे प्रत्येक गोळी चढलेली आणि उतरलेली डोळ्यांना दिसते, मगाशी स्वतः चहा करणारा माणूस तासाभराने खुर्चीतून उठू शकत नाही आणि घरचे म्हणतात नाटकं करतोय. नाटक नसतं ते, गोळी उतरलेली असते.

म्हणून डॉक्टरांकडून 'दिवसातून चार' एवढंच न घेता नेमके वाजलेले तास लिहून घ्या, आणि फोनला तेवढे अलार्म लावा. गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तास-दीड तासाने. लेव्होडोपा हे स्वतः एक अमिनो आम्ल आहे, प्रोटीनमधली बाकीची अमिनो आम्लं आतड्यात आणि मेंदूच्या दारात त्याच्याशीच धक्काबुक्की करतात, त्यामुळे वाटीभर उसळ, पनीर किंवा ग्लासभर दुधाबरोबर घेतलेली गोळी कधीकधी लागतच नाही. यावर काही जण वरणच बंद करतात, तो वेडेपणा आहे, पार्किन्सन्समध्ये वजन आधीच उतरतं. दुपारी गोळी लागत नाही असं दिसलं तर डाळ, अंडी, मासे जास्त करून रात्रीकडे सरकवा, बास. मळमळत असेल तर एखाद्या मारी बिस्किटाबरोबर चालेल. लोहाची गोळी चालू असेल तर दोन्हीत दोन तासांचं अंतर हवं. आणि सीआर (म्हणजे हळूहळू विरघळणारी) लिहिलेली गोळी कुटून द्यायची नाही.

वही ठेवा. गोळी किती वाजता, किती मिनिटांनी लागली, कधी उतरली, हातपाय आपोआप वळवळ-वळवळ करत होते का (हे डोपामिन जास्त झाल्याचं लक्षण, थरथर वेगळी). फोनवर गोळी चढलेली असताना आणि उतरलेली असताना असे छोटे व्हिडिओ काढा, कारण डॉक्टरांच्या केबिनमध्ये शिरला की पेशंट हमखास बरा चालतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि जे कोणी सांगत नाही. बाकीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. १९५७ साली स्वीडनमध्ये अर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं, ते ससे ढिम्म बसून राहिले, आणि लेव्होडोपा दिल्यावर परत हिंडायला लागले, पुढे २००० साली त्यांना नोबेल मिळालं. रेसर्पिन म्हणजे आपल्या सर्पगंधेतलंच द्रव्य बरं का, ज्यावर मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्लडप्रेशरसाठी पेपर लिहिला होता. मुद्दा असा की औषधाने डोपामिन रिकामं करता येतं किंवा अडवता येतं, आणि अशी औषधं आपल्या घरातल्या डब्यात पडलेली असतात. ॲसिडिटी आणि गॅसेससाठी सर्रास मिळणाऱ्या काही कॅप्सूलमध्ये लेव्होसल्पिराइड असतं, नावाच्या शेवटी बऱ्याचदा 'एल' असतो पण त्यावर विसंबू नका, पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा. उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड म्हणजे पेरिनॉर्म, चक्करसाठी प्रोक्लोरपेराझिन (म्हणजे स्टेमेटिल) किंवा सिनारिझिन, मायग्रेनसाठी फ्लुनारिझिन. ही सगळी डोपामिनचा रस्ता कमी-जास्त अडवतात, एकीकडून सिंडोपा भरायची आणि दुसरीकडून ॲसिडिटीची कॅप्सूल ते अडवणार. पार्किन्सन्स नसलेल्या म्हाताऱ्या माणसालासुद्धा महिनोन् महिने हे घेऊन थरथर आणि ताठरपणा येऊ शकतो, आणि औषध थांबवल्यावर बऱ्याच जणांचं हळूहळू उतरतं, म्हणून नवीन निदान झालं असेल तर आधी डॉक्टरांसमोर गोळ्यांची अख्खी पिशवीच उलटी करा. उलटीसाठी पर्याय आहेत, डोमपेरिडोन मेंदूत फारसं शिरत नाही, पण हृदयाचा त्रास असेल तर विचारूनच.

भास होणं, रात्री कुणीतरी खोलीत दिसणं हेही पुढे होऊ शकतं. तेव्हा कुणी हॅलोपेरिडॉल किंवा रिस्पेरिडोन लिहिलं तर तिथेच थांबून न्यूरोलॉजिस्टना फोन करा. स्किझोफ्रेनियात ही औषधं डोपामिन अडवूनच काम करतात, तिथे ते हवं असतं, इथे माणूस कडक होऊन अंथरुणाला खिळतो. अशा वेळी सहसा क्वेटियापिन किंवा क्लोझापिन वापरतात.

दुसरी गोष्ट लाजेपायी लपते. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या पार्किन्सन्ससाठीच्याच दुसऱ्या गोळ्या डोपामिनची नक्कल करतात, आणि मेंदूचा जो भाग 'अजून एकदा' म्हणतो तिथे त्या जरा जास्तच बोलतात. अमेरिका-कॅनडातल्या तीन हजारांवर पेशंटच्या एका अभ्यासात (२०१०) अशी औषधं घेणाऱ्यांपैकी १७ टक्क्यांना जुगार, खरेदी, खाणं किंवा लैंगिक वागणं यातलं काहीतरी हाताबाहेर गेलेलं आढळलं. आपल्याकडे ते रमीचं ॲप असेल, शेअर्सची रोजची उलाढाल असेल, रात्री दोनला ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंचे खोके असतील, किंवा आयुष्यभर काटकसर केलेले आजोबा लॉटरीची तिकिटं घ्यायला लागतील. पेशंटला स्वतःला यात काही वावगं वाटत नाही. म्हणून ही गोळी सुरू होतानाच बँकेचे मेसेज अजून एका नंबरवर येतील असं त्यांच्याशी बोलून ठरवा, आणि भांडण न करता डॉक्टरांना 'हे गोळीमुळे असेल का' असं सरळ विचारा. डोस कमी केला की बहुतेकदा ओसरतं. पण गोळी एकदम बंद करायची नाही, तीही नाही आणि सिंडोपा तर अजिबातच नाही, अचानक थांबवली तर कडक ताप, ताठरपणा, जिवावर बेतू शकतं.

खाजकुइलीच्या बियांत खरंच लेव्होडोपा असतं, त्यामुळे कुणी चूर्ण दिलं तर ते 'नुसतं आयुर्वेदिक' नाही, तो वाढीव डोस आहे. न्यूरोलॉजिस्टना सांगून काय ते करा.

दवाखान्यात ॲडमिट करायची वेळ आली तर वॉर्डात गोळ्या त्यांच्या राउंडच्या वेळेला मिळतात, म्हणून पहिल्याच दिवशी सिस्टरना नेमक्या वेळा लिहून द्या आणि ऑपरेशन असेल तर उपाशी ठेवण्याच्या तासांत गोळीचं काय हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच विचारा. पेशंटच्या खिशातल्या पाकिटात एक चिठ्ठी असू द्या: आजाराचं नाव, गोळ्यांचे डोस आणि वेळा, वर लिहिलेली चालणार नाहीत ती औषधं, न्यूरोलॉजिस्टचा नंबर. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथे हेच सगळं घरात सांभाळणारी माणसं भेटतात.