सीएनजी पंपावर भांडण न होऊ देता नियम कसे पाळून घ्यायचे

मी पुण्याजवळ एका सीएनजी पंपावर शिफ्ट सांभाळतो, नवीन पोरगा कामाला लागला की पहिल्याच दिवशी विचारतो, गिऱ्हाईक अंगावर आलं तर काय करायचं? तर आधी हे डोक्यात ठेवा की टाकीत गॅस 200 बारपर्यंत दाबून भरतात, स्कूटरच्या टायरात असते त्याच्या साधारण शंभरपट, त्यामुळे "एका मिनिटाचं तर काम आहे" हे ऐकायचंच नाही. इंजिन बंद, सगळे खाली, मोबाईल खिशात. मालकाचा मेव्हणा आला तरी हेच.

पण कधी सांगता यावर सगळं आहे बघा. माणूस पाऊण तास लाईनीत तापलेला असतो, नोझलपाशी आल्यावर त्याला "उतरा" म्हटलं की झालंच भांडण. त्यापेक्षा गाडी चौथ्या-पाचव्या नंबरला असतानाच एकाने चालत जायचं, दादा टाकीच्या टेस्टची तारीख असते ती प्लेट दाखवा जरा, आणि पॅसेंजर इथंच उतरवा. टाकीची टेस्ट दर तीन वर्षांनी करावी लागते, तारीख उलटून गेली असली तर तिथंच सांगून टाका, म्हणजे त्याचा आणखी अर्धा तास वाया जात नाही. पंपाचं प्रेशर पडलंय, टाकी पूर्ण भरणार नाही, तेही तेव्हाच सांगा, उगाच "होईल होईल" नको.

मी एकदा चुकलोय. रिक्षात एक आजी होत्या, गुडघे धरलेले, म्हणाल्या बाळा मला नको उतरवूस, मी म्हटलं बसा. लगेच मागचा रिक्षावाला, "त्यांना चालतं मग आम्हाला का नाही?" आणि त्याच्या मागचे तिघंही उतरेनात, दहा मिनिटं लाईन ठप्प. तेव्हापासून लाईनीच्या कडेला सावलीत दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि पाण्याचा जग ठेवलाय, आजींना हात धरून तिथं बसवायचं, रिक्षा गॅस भरून परत तिथंच येते. खर्च फार नाही, मालकाला मात्र पटवायला महिना लागला 😅

आणि गळतीचा वास आला किंवा सूं आवाज आला तर गॅस बंद करायचं लाल बटण आधी दाबायचं, मला विचारायला येऊ नका. गिऱ्हाईक ओरडेल, ओरडू दे. लोकांना लांब करा, गाडी कोणी चालू करायची नाही, आणि नंतर हिशेब करताना मीटरवर दिसतात तेवढेच पैसे घ्या.