ड जीवनसत्त्वाची गोळी घेताय? आधी खुर्चीतून उठून बघा

मी फिजिओथेरपिस्ट आहे. साठी-सत्तरीच्या बायका मला हमखास विचारतात, “ड जीवनसत्त्व सुरू केलंय, आता पायांत जोर येईल ना?” शरीरात कमतरता असेल तर गोळीने मदत होऊ शकते. कमतरता नसेल, तर जास्तीच्या गोळ्यांनी स्नायू बळकट होत नाहीत.

म्हणून आधी ताकद मोजा. बिनहातांची, सरळ पाठीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हातांची छातीवर घडी घाला आणि पाच वेळा पूर्ण उभं राहून खाली बसा. वेळ बघायला आणि सांभाळायला कुणीतरी शेजारी हवंच. १५ सेकंदांच्या वर गेलं, तर ताकद कमी आहे असं धरतात. माझं लक्ष घड्याळापेक्षा हातांकडे असतं. उठायची वेळ आली की घडी आपोआप सुटते, तळवे मांड्यांवर दाबले जातात आणि अंगाला झोका देऊन बाई उठते. ड जीवनसत्त्व फार कमी झालं की मांड्या आणि नितंबांचे हेच मोठे स्नायू आधी दुबळे होतात. जिना चढणंही जड जातं.

मग डॉक्टरांना विचारून रक्तातलं २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी तपासा, म्हणजे शरीरात ड जीवनसत्त्व किती आहे ते कळतं. दर मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या वर असेल तर बहुतेकांना पुरतं. १२ च्या खाली म्हणजे कमतरता.

रोजची गरज सत्तरीपर्यंत ६०० युनिट, त्यापुढे ८००. हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थांत विरघळतं, म्हणून गोळी जेवणासोबत घ्या. कमतरता भरून काढायला डॉक्टर काही काळ मोठा डोस देतात, पण तो मनाने वाढवू नका. आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली जाते, म्हणून पाकिटावर वार लिहून ठेवा. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात सत्तरीपुढच्या बायकांना वर्षातून एकदाच ५ लाख युनिट दिले होते. त्यांचं पडणं आणि हाडं मोडणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं!

गोळीसोबत व्यायाम हवाच. त्याच खुर्चीवर जाड उशी ठेवा, म्हणजे उठणं सोपं जाईल. दिवसाआड, दम लागेपर्यंत नाही पण मांड्या थकल्याचं जाणवेपर्यंत उठा-बसा. बसताना धपकन बसू नका, सावकाश खाली या. ताकद त्या उतरण्यातही तयार होते. जमायला लागलं की उशी काढा. आणि जेवणात प्रथिनं पुरेशी असू द्या.

मूत्रपिंडाचा आजार, मुतखडा किंवा लघवी वाढवणारी औषधं चालू असतील, तर गोळी सुरू करण्याआधीच डॉक्टरांना सांगा. खूप तहान, मळमळ, बद्धकोष्ठता, गोंधळल्यासारखं वाटणं ही रक्तात कॅल्शियम वाढल्याची लक्षणं असू शकतात; लगेच डॉक्टरांना कळवा. कमतरतेवर उपचार चालू असतील तर साधारण तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासतात. मात्र एकाच पायातलं बळ अचानक गेलं, तर जीवनसत्त्वाचा विचार करत बसू नका, तडक रुग्णालय गाठा.