शेगडीवरचा मटण स्टेक, सोया-आलं-बेदाण्याच्या चवीचा

स्टेक मूळचा बीफचा. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय-बैलाच्या मांसाला बंदी आहे, तेव्हा सांगलीत हा बेत करायचा तर मटणाचाच. त्यातही बोकडापेक्षा मेंढीचं मटण घ्यावं. बोकडाचं मांस निखाऱ्यावर पटकन कोरडं पडतं, मेंढीच्या मांसातली चरबी त्याला ओलं ठेवते. आपल्या जत तालुक्यातल्या माडग्याळची मेंढी प्रसिद्धच आहे, त्यामुळे शोधायला लांब जावं लागत नाही. मसाला कोरियन वळणाचा आहे आणि तोंडी लावायची चटणी थायलंडची. माप चौघांचं.

खाटकाकडे काय मागायचं

"मागची मांडी द्या, हाड काढून, अख्खी. फोडी करू नका." हे दोनदा सांगा. सुरा सवयीने चालतो आणि एकदा फोडी पडल्या की मग रस्साच. हाडासकट सव्वा किलोची मांडी घेतली तर निव्वळ मांस साधारण ८०० ग्रॅम निघतं. मांस फिकट लाल आणि चरबी पांढरी, घट्ट असावी. गडद मांस, पिवळट चरबी म्हणजे जनावर जून. ते कुकरचं काम.

मटण आणलं त्याच दिवशी भाजू नका. बहुतेकांचा स्टेक चिवट होतो तो इथेच. जनावर कापल्यावर काही तासांत स्नायू आखडतात आणि पुन्हा सैल पडायला दिवसभर जातो. रश्श्याला याने फरक पडत नाही, कुकरच्या शिट्ट्या सगळ्याला सरळ करतात. शेगडीवर मात्र मांस जेमतेम दहा मिनिटं असतं, तेवढ्यात आखडलेला धागा सुटत नाही. म्हणून एक रात्र फ्रीजमध्ये, सैलसर झाकून ठेवा. रविवारचा बेत असेल तर मटण शनिवारी आणावं लागेल. शनिवार पाळणाऱ्या घरात ते फ्रीजमध्ये तरी चालेल का, हे आधी विचारून घेतलेलं बरं.

काप पाडणं

मांडी म्हणजे एक सलग तुकडा नव्हे. तिच्यात चार-पाच स्नायू एकमेकांना चिकटलेले असतात आणि मधून पातळ पडदा जातो. त्या फटीत बोट घालून स्नायू सुटे करा, सुरी अडेल तिथेच लावा. वरचा चांदीसारखा चकाकणारा पांढरा पडदा सोलून काढायचा. तो भाजताना शिजत नाही, उलट आकसतो आणि काप वाटीसारखा वळतो. मग मधला भाग तव्याला किंवा जाळीला टेकतच नाही. पोटरीचा तुकडा नसांनी भरलेला असतो, तो बाजूला काढून रश्श्याला वापरा.

सुटे केलेले तुकडे ४० मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवले की जरा कडक होतात आणि सुरी घसरत नाही. मांसाचे धागे कोणत्या दिशेने जातात ते नीट बघा आणि त्यांना आडवे, २ सेंटिमीटर जाडीचे काप पाडा. यापेक्षा पातळ केले तर बाहेरून रंग येईपर्यंत आतून वाळतात.

मसाला

कोरियात अशा मांसाला नाशपातीचा रस लावतात, गोडव्यासाठी. तासगावचा बेदाणा हाताशी असताना नाशपाती शोधत बसायची गरज नाही. ४० ग्रॅम बेदाणे पाव वाटी गरम पाण्यात २० मिनिटं भिजवून त्याच पाण्यासकट वाटा. त्यात ४ मोठे चमचे सोया सॉस, ८ लसूण पाकळ्या आणि दीड इंच आलं यांची पेस्ट, चमचाभर भरड मिरी आणि २ मोठे चमचे साधं तेल मिसळा. मीठ घालू नका, सोया सॉसमध्ये पुरेसं असतं. आणि कांदा-लसूण चटणीचा मोह आवरा. ती रश्श्यात कितीही लाडकी असली तरी निखाऱ्यावर तिच्यातलं खोबरं आणि कांदा आधी जळतो आणि सगळ्याला कडवट चव येते.

मांस घालण्यापूर्वी यातला ३ चमचे मसाला वेगळ्या वाटीत काढून ठेवा, शेवटी वरून लावायला लागेल. कच्चं मांस बुडवलेला मसाला पुन्हा वापरायचा नसतो.

काप मसाल्यात घोळून फ्रीजमध्ये ४ ते ६ तास मुरू द्या. मांस जरा जून वाटलं तर कच्च्या पपईचा कीस घालता येतो, पण एकच मोठा चमचा आणि तोही शेवटच्या तासाला. पपई मांसाचे धागे तोडते आणि कुठे थांबायचं हे तिला कळत नाही. रात्रभर ठेवलं तर वरचा थर पिठासारखा होतो आणि चिमट्याने उचलताना जाळीवरच राहतो.

निखारा

आधी जागेचं. शेगडी गच्चीवर किंवा अंगणात पेटवा. बंद स्वयंपाकघरात किंवा काचा लावलेल्या बाल्कनीत कोळसा पेटवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि खिडकीची फट उघडी आहे एवढ्यावर भागत नाही.

दीड किलो लोणारी कोळसा लागतो. रॉकेल ओतून पेटवला तर त्याचा वास थेट मांसात उतरतो, त्यापेक्षा नारळाच्या शेंड्या आणि सुकी काटकी बरी. ३० ते ४० मिनिटांनी कोळशावर पांढरी राख धरली की सगळे निखारे शेगडीच्या एका बाजूला सरकवा आणि दुसरी बाजू जवळजवळ रिकामी ठेवा. एका बाजूला रंग येतो, दुसऱ्या बाजूला शिजतं. जाळीच्या वर चार बोटांवर तळहात धरून बघा. दोन-तीन सेकंदांत हात मागे घ्यावा लागला म्हणजे आच बरोबर आहे.

भाजण्यापूर्वी अर्धा तास काप फ्रीजबाहेर काढा. आता मसाला पुसून टाका आणि कापडाने काप चांगले कोरडे करा. जिवावर येतं, पण करा. ओल्या पृष्ठभागावरचं पाणी उडून जाईपर्यंत मांस नुसतं वाफवलं जातं, आणि वाटणाचे कण राहिले तर बेदाण्याची साखर मांसाआधी करपते. चव आत गेलेली असते, काळजी नको.

कापांना तेलाचा हात लावून निखाऱ्याच्या बाजूला टाका. दोन मिनिटं हलवू नका. काप आपणहून जाळीपासून सुटला की उलटा, दुसरी बाजू दोन मिनिटं. चरबी टपकून भडका उडाला तर पाणी मारू नका, राख उडून मांसावर बसते. काप रिकाम्या बाजूला सरकवला की जाळ आपोआप बसतो. तशीही रंग आल्यानंतर काप त्याच बाजूला न्यायचे आहेत, वर झाकण म्हणून पातेलं पालथं घालून ३ ते ४ मिनिटं. काढून ठेवलेल्या मसाल्यात चमचाभर काकवी मिसळा आणि शेवटच्या मिनिटाला दोन्ही बाजूंनी लावा. आधी लावली तर काकवीचा कोळसा होतो.

मांसाचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी ६३ अंश सेल्सिअस आलं की काप खाली घ्या आणि किमान ३ मिनिटं तसाच ठेवा. आत किंचित गुलाबी दिसेल. आपल्याकडे अनेकांना ते बघवत नाही, त्यांच्यासाठी ७० पर्यंत न्या. त्यापुढे मांस कोरडं पडायला लागतं. थर्मामीटर नसेल तर सर्वांत जाड कापाला चीर देऊन बघा.

शेगडी नसेल तर बिडाचा तवा गॅसवर ५-६ मिनिटं चांगला तापवा, प्रत्येक बाजू अडीच मिनिटं, मग आच मंद करून झाकण. धुरकट वास येत नाही, बाकी काम होतं. तवा भरून काप टाकू नका, पाणी सुटतं.

स्टेक ५ मिनिटं ताटात विसावू द्या. लगेच सुरी चालवली तर रस ताटात येतो. मग सुरी तिरकी धरून बोटाच्या निम्म्या जाडीचे काप करा. कच्च्या मांसाचा चिमटा आणि ताट इथे वापरू नका.

सोबत काय

थायलंडच्या ईशान्येकडच्या इसान भागात भाजलेल्या मांसासोबत जी आंबट-तिखट चटणी खातात, तिला नाम जिम जेओ म्हणतात. तिची गंमत भाजलेल्या तांदळात आहे. २ चमचे तांदूळ कोरड्या कढईत मंद आचेवर गडद बदामी होईपर्यंत, १० ते १२ मिनिटं परता आणि रव्याइतके भरड वाटा. ३ मोठे चमचे लिंबाचा रस, २ चमचे फिश सॉस, चमचाभर गूळ, चमचाभर भाजलेल्या मिरचीची भरड, कांद्याची पात, कोथिंबीर. फिश सॉस मिळाला नाही तर सोया सॉस आणि चिमूटभर मीठ. तांदळाची भरड मात्र पानं मांडल्यावर घाला. आधी घातली तर ती रस पिऊन चटणीची खीर करते.

भात इंद्रायणीचा, कारण तो मुळातच चिकट असतो आणि चटणीचा रस धरून ठेवतो. काकडीच्या चकत्यांना मीठ लावून १५ मिनिटांनी पिळा, त्यावर थोडं व्हिनेगर, ठेचलेला लसूण आणि भाजलेले तीळ. कोरियन तिळाच्या तेलाचा खमंग वास भाजलेल्या तिळाचा असतो. आपलं घाण्याचं तेल कच्च्या तिळाचं, त्याने तो येणार नाही, म्हणून तीळच भाजून कुटावेत. ज्वारीची भाकरी हवी असेल तर खुशाल करा, या चटणीशी ती छान जमते.

काप उरले तर तव्यावर पुन्हा गरम करू नका, चामडं होतं. फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी उभे चिरा, परतलेल्या शिळ्या इंद्रायणी भातात अगदी शेवटी घाला आणि भाताच्या वाफेवरच गरम होऊ द्या.