अमली पदार्थांच्या खटल्यात तपासाला मदत करताय? या चुका टाळा

वरच्या पुरवठादाराचं नाव सांगितलं की शिक्षा आपोआप कमी होते, असा समज एनडीपीएसच्या (अमली पदार्थविरोधी कायद्याच्या) आरोपींमध्ये आणि त्यांच्या घरच्यांमध्ये पक्का बसलेला आहे. परदेशी मालिकांचा यात वाटा असावा. अमेरिकेत सरकारी वकिलाच्या अर्जावरून न्यायाधीश किमान शिक्षेच्याही खाली उतरू शकतो. आपल्या १९८५च्या कायद्यात तशी तरतूद नाही. इथे सहकार्याचं खरं फळ मिळायचं तर ते बहुतेक वेळा निकालाआधीच, माफीच्या रूपात मिळतं. शिक्षेच्या सुनावणीत ते मागायला गेलेल्या वकिलाच्या हाती फार थोडं उरतं.

मालाचं वजन न पाहता बोलणी सुरू करणं

सगळं गणित इथून सुरू होतं. एमडी (मेफेड्रोन) ५० ग्रॅमच्या वर, चरस १ किलोच्या वर किंवा गांजा २० किलोच्या वर गेला की ती व्यावसायिक मात्रा. मग किमान १० वर्षं सक्तमजुरी, कमाल २० वर्षं आणि दंड १ ते २ लाख. गुन्हा पहिल्याच तारखेला कबूल केला, साखळीतली दहा नावं दिली, तरी १० वर्षांच्या खाली न्यायाधीशाला जाता येत नाही. ‘कबूल कर, लवकर सुटशील’ हा सल्ला या मात्रेत घातक आहे. प्ली बार्गेनिंगचाही (गुन्हा कबूल करून कमी शिक्षेची तडजोड करण्याचाही) उपयोग नाही, कारण ७ वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना ते लागूच होत नाही.

मधली मात्रा, म्हणजे अल्प मात्रेच्या वर पण व्यावसायिकच्या खाली, वेगळी. ३० ग्रॅम एमडी सापडलं तर शिक्षा १० वर्षांपर्यंत, पण किमान मर्यादा नाही. तपासाला केलेली मदत शिक्षेच्या युक्तिवादात खऱ्या अर्थाने चालते ती इथेच. ती कागदावर हवी: कोणत्या माहितीवरून कोणता माल जप्त झाला, कोणाला अटक झाली, पंचनाम्याची तारीख कोणती.

वजन मोजताना भेसळही धरली जाते. हिरा सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये मिश्रणाचं पूर्ण वजन धरायचं, असं ठरवलं. त्यामुळे ‘शुद्ध माल थोडाच होता’ यावर विसंबू नका.

व्यावसायिक मात्रेत सहकार्याला जागा उरते ती फक्त १० आणि २० वर्षांच्या मध्ये. कलम ३२बमध्ये किमानपेक्षा जास्त शिक्षेची कारणं दिली आहेत: शस्त्राचा वापर, अल्पवयीन मुलांचा वापर, शाळा-कॉलेजच्या आसपासचा गुन्हा, संघटित टोळीशी संबंध वगैरे. मालाचं प्रमाणही न्यायालय विचारात घेऊ शकतं. वकिलाने यातलं काय लागू नाही ते एकेक करून दाखवावं. नुसतं ‘आरोपीने सहकार्य केलं’ म्हणून भागत नाही.

जबाब दिला म्हणजे काम झालं असं समजणं

तूफान सिंग प्रकरणापासून (२०२०) कलम ६७खाली तपास अधिकाऱ्याला दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. पण त्याच जबाबातल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढा भाग चालतो. इथेच लोक फसतात. ३० ग्रॅममध्ये पकडलेला माणूस मदत करायच्या नादात स्वतःच्या खोलीतला आणखी २५ ग्रॅम माल काढून देतो. सगळा माल त्याच्याच ताब्यातला म्हणून एकत्र धरला गेला की तो ५० ग्रॅमची रेषा ओलांडतो, आणि कलम ३७मुळे जामीनही अवघड होतो. वकिलाशी बोलण्याआधी जागा दाखवू नका.

सहआरोपीचं नुसतं नाव घेणंही कमकुवत. एका आरोपीच्या जबाबावर दुसऱ्याला शिक्षा होत नाही. त्याला आधार लागतो. यूपीआयचे व्यवहार, चॅट, कुरिअरच्या पावत्या यांचं वजन नावापेक्षा कितीतरी जास्त असतं.

अधिकाऱ्याच्या शब्दाला माफी समजणं

तपास अधिकारी माफी देऊ शकत नाही. कलम ६४खाली खटल्यापासून संरक्षण देण्याचा अधिकार केंद्र किंवा राज्य सरकारचा आहे, आणि त्याची कारणं लेखी नोंदवावी लागतात. दुसरा रस्ता माफीच्या साक्षीदाराचा, म्हणजे माफीच्या बदल्यात साथीदारांविरुद्ध साक्ष देणाऱ्या आरोपीचा: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ३४३ खाली मुख्य न्यायदंडाधिकारी, किंवा प्रकरण वरच्या न्यायालयात गेल्यावर कलम ३४४ खाली ते न्यायालय. दोन्ही रस्त्यांवर अट तीच, सगळी खरी हकिगत सांगायची. भावाला किंवा मित्राला वाचवायला एक नाव गाळलं, की माफी जाते. मग सरकारी वकिलाच्या प्रमाणपत्रावरून मूळ गुन्ह्याचा खटला वेगळा चालतो, आणि माफी घेताना दिलेला जबाब तुमच्याविरुद्धच वापरता येतो.

आणि हे घरच्यांना आधी सांगा: माफीचा साक्षीदार जामिनावर नसेल, तर कायद्याने तो खटला संपेपर्यंत कोठडीतच राहतो. एनडीपीएसचे खटले वर्षानुवर्षं रेंगाळतात. म्हणून आधी जामिनाची शक्यता तपासा आणि मगच माफीचा अर्ज करा. कोठडीतल्या माफीच्या साक्षीदाराला उच्च न्यायालय अंगभूत अधिकारात सोडू शकतं, पण त्यावर भिस्त ठेवू नका.

घरच्यांच्या सुरक्षेचा अर्ज उशिरा करणं

२०१८च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज करता येतो. धोक्याचा अहवाल पोलिसांकडून ५ कामकाजाच्या दिवसांत यायला हवा. संरक्षण एका वेळी ३ महिन्यांपर्यंतच मिळतं, त्यामुळे मुदत संपायच्या आत नवा अर्ज हवा. धमकी तोंडी आली असेल तर तारीख-वेळ लिहून पोलीस ठाण्यात नोंदवा. नोंदीशिवाय अहवाल कोरडाच येतो.

व्यसनी माणूस अल्प मात्रेत सापडला असेल, तर त्याने वरच्यांची नावं देत बसण्यापेक्षा एनडीपीएसच्या कलम ६४अचा आधार घ्यावा: सरकारमान्य केंद्रात स्वेच्छेने उपचार घ्यायचे आणि ते पूर्ण करायचे. अर्धवट सोडले तर संरक्षण काढून घेतलं जाऊ शकतं.

शिक्षा झाल्यावर ‘तुरुंगात चांगलं वागून सूट मिळवू’ हेही धरून चालू नका. कलम ३२अ सूट आणि शिक्षाकपात रोखतं. दादू विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२०००) या निकालाने अपिलात शिक्षा स्थगित करण्याचा न्यायालयाचा अधिकार तेवढा परत मिळाला, पण त्यालाही कलम ३७च्या अटी आहेत. कच्च्या कैदेतले दिवस मात्र वजा होतात; अटकेच्या तारखेपासूनचा हिशेब निकालपत्रात बरोबर उतरलाय का, ते त्याच दिवशी तपासा.