अँजिओग्राफी मनगटातून की जांघेतून? टेबलावर जाण्याआधी काय सांगायचं, काय विचारायचं

अँजिओग्राफीची तारीख ठरली की घरचे तीन गोष्टी विचारतात: खर्च किती, योजनेत बसेल का, किती दिवस राहावं लागेल. नळी कुठून घालणार हे बहुतेकांना टेबलावर झोपल्यावर कळतं. हा प्रश्न ओपीडीतच विचारायचा. आणि विचारताना आपण हाताने काय काम करतो, हेही सांगायचं.

साधा नियम असा: खास कारण नसेल तर मनगट. मनगटातली धमनी कातडीखाली, हाडावर टेकलेली असते. बोटाने दाबली की रक्त थांबतं. शिवाय पंजाला करंगळीच्या बाजूने दुसरी धमनी रक्त पुरवते. जांघेतली धमनी मोठी पण खोल असते. तिथून रक्त झिरपलं तर ते मांडीत किंवा पोटाच्या मागच्या पोकळीत साचतं आणि वरून बराच वेळ काही दिसत नाही. 2011 च्या रायव्हल या 7,021 रुग्णांच्या अभ्यासात नळीच्या जागेच्या मोठ्या तक्रारी मनगटाच्या गटात 1.4 टक्के, तर जांघेच्या गटात 3.7 टक्के होत्या. मात्र मनगटातून सुरू करून दुसरीकडे वळावं लागलेले 7.6 टक्के होते. त्यामुळे मनगट ठरलं तरी कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफीच्या खोलीत, जांघही साफ करून ठेवतात. ते पाहून ‘डॉक्टरांनी बेत बदलला’ असं समजू नका.

जांघ कधी? हृदयाची झडप बदलण्यासारख्या कामात जाड नळी लागते, ती मनगटात मावत नाही. रोजच्या अँजिओप्लास्टीची 6 फ्रेंच शीथ (शीथ म्हणजे धमनीत बसवायची बाहेरची नळी, फ्रेंच हे तिच्या जाडीचं माप) बाहेरून साधारण अडीच मिलिमीटर जाड असते आणि मनगटातली धमनीही जवळपास तेवढीच. लहान चणीच्या बाईची त्याहून बारीक. डायलिसिसचा फिस्टुला (धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) असलेला हात वापरत नाहीत. किडनी बरीच खराब असेल तर पुढच्या फिस्टुलासाठी मनगट राखून ठेवणं शहाणपणाचं. बायपास झाली असेल तर जुने कागद न्या: छातीतली डावी धमनी जोडली असेल तर ती तपासायला डावं मनगट किंवा जांघ सोयीची पडते, आणि बायपाससाठी हातातली धमनी काढली असेल तर ते मनगट बादच. एक प्रश्न लोक संकोचाने विचारत नाहीत, तो जरूर विचारा: ‘डॉक्टर, तुमचा हात कुठून जास्त बसलाय?’ ज्यांचा जांघेचा सराव दांडगा आहे त्यांना हट्टाने मनगटातून करायला लावण्यात काही फायदा नाही.

आता कामाचं. सोलापुरात विडी वळणाऱ्या बायका, यंत्रमागावरचे कामगार, शिवणकाम करणारे यांचं पोट मनगटावर चालतं. डॉक्टर सहसा टेबलाच्या उजवीकडे उभे राहतात, म्हणून न सांगता उजवं मनगट निवडलं जातं. उजव्या हाताने काम करत असाल तर ‘डावीकडून जमेल का?’ असं आधी विचारा, अनेकदा जमतं. नळी काढल्यावर ती धमनी काही जणांत बंद होते. दुसऱ्या धमनीमुळे बहुतेकांना ते जाणवतही नाही, पण पुढच्या वेळी ते मनगट कामाला येत नाही. उलट जांघेतून झाल्यावर काही तास उताणं पडावं लागतं; कंबरदुखीमुळे ते जमत नसेल, दम लागत असेल किंवा लघवीला सारखं उठावं लागत असेल, तर मनगटाचा आग्रह धरा.

आदल्या दिवशी दोन्ही हातांतल्या बांगड्या, अंगठ्या, गंडेदोरे काढा. नेलपॉलिश पुसा, कारण बोटाला लावायच्या ऑक्सिजनच्या चिमट्याला ते आडवं येतं. सलाईनची सुई दुसऱ्या हाताला लावायला सांगा. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल या रक्ताची गुठळी रोखणाऱ्या गोळ्या मनाने बंद करू नका. वॉरफेरिन (रक्त पातळ करायची गोळी), मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) आणि इन्सुलिनचं काय करायचं ते लिहून घ्या. हात गार पडला किंवा माणूस घाबरला की धमनी आवळते. अंगावर चादर मागा. नळी सरकताना हातात जोराची कळ किंवा जळजळ झाली तर गप्प बसू नका, लगेच सांगा. धमनी सैल करायचं औषध नळीतूनच देता येतं.

मनगटातून झाल्यावर पारदर्शक पट्टा बांधून त्यात साधारण 13 ते 15 मिली हवा भरतात. रक्त थांबावं पण धमनी पूर्ण मिटू नये, इतकाच दाब हवा. पट्टा फार घट्ट राहिला तर धमनी बंद पडण्याची शक्यता वाढते. एक-दोन तासांनी नर्स थोडी थोडी हवा काढतात. बोटं बधिर झाली, निळी पडली तर त्यांना बोलवा. नातेवाइकांनी पट्ट्याला हात लावायचा नाही. 24 तास मनगट वाकवायचं नाही, दुचाकी चालवायची नाही. भाकरी थापणं आणि कणीक मळणं तीन-चार दिवस दुसऱ्या कुणाकडे. पाणी सुटलं म्हणून घागरी-बादल्या उचलणंही तसंच. मागावर किंवा विडीला कधी बसायचं ते डिस्चार्जच्या वेळी विचारा, साधारण आठवडा धरून चाला.

जांघेतून झालं तर नळी काढल्यावर 15-20 मिनिटं हाताने दाबतात आणि मग चार ते सहा तास पाय सरळ ठेवून पडायचं. धमनी मिटवण्याचं खास साधन वापरलं तर वेळ कमी होतो, खर्च वाढतो. खोकताना, शिंकताना जागेवर हात दाबून धरा. उकिडवं बसायचा संडास दोन-तीन दिवस टाळा, कमोडची खुर्ची आणून ठेवा. अक्कलकोट, बार्शी, पंढरपूरकडे परतायचं असेल तर त्याच संध्याकाळी एसटीत बसू नका.

घरी मनगटातून रक्त आलं तर हात वर धरून त्या जागी दहा मिनिटं सलग दाबा, मध्ये उचलून बघू नका. जांघेतून आलं तर आडवं पाडून टोचल्या जागेच्या किंचित वर जोरात दाबा आणि 108 ला फोन करा. थोडं काळंनिळं होणं चालतं. वाढणारी गाठ, पाय गार पडणं, किंवा जांघेतून झाल्यावर कंबरेत-पोटात दुखून घाम आणि चक्कर येणं, यात सकाळची वाट पाहायची नाही.

डिस्चार्ज कार्डावर कुठली बाजू, किती फ्रेंचची शीथ आणि मनगट सोडून जांघेत जावं लागलं असेल तर कशामुळे, हे लिहून मागा. पुढच्या वेळी डॉक्टर वेगळे असले तरी त्यांना नेमकं तेच लागतं.